घोडेस्वाराची वाट : पाणंद, पटवारी आणि कायदा

हांगचौ येथे सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घेण्याच्या प्रकाराचे, सांघिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या चार भारतीय स्वारांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती, आणि तेव्हापासून आपल्या शहरातील पालकांच्या बोलण्यात रिंगण, खोगीर, दुलकी असे शब्द येऊ लागले आहेत. कायद्याचा सल्ला देणाऱ्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही फरक पडला आहे. पूर्वी वाटणी, मृत्युपत्र आणि भाडेकरू यांपलीकडे फारसे काही नसे. या वेळी घोड्यांविषयीची पाच पत्रे एकत्र उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे लांब असल्यामुळे त्यांचा सारांश दिला असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : राऊच्या पुढे एका गावात, एका शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या तबेल्यात आम्हा सात-आठ जणांचे घोडे असतात. गेली नऊ वर्षे आम्ही रविवारी पहाटे शेतांमधल्या वाटेने तलावापर्यंत रपेट करतो. दिवाळीनंतर मधल्या जमिनीवर फार्महाऊसचे प्लॉट पडले, वाटेवर लोखंडी फाटक उभे राहिले आणि त्याला कुलूप लागले. पुण्याचे माझे मेहुणे म्हणतात, कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज कर, वाट मोकळी होईल. हे खरे का? नऊ वर्षांच्या वहिवाटीने आमचा हक्क झाला नाही का? — राजेंद्रनगर येथील एक वाचक

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे कलम बरोबर आहे, राज्य मात्र चुकले. कलम १४३ हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील असून ते बांधावरून जाण्याच्या वाटेविषयी आहे. अडवलेली वाट मोकळी करून घेण्यासाठी तिकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियमही वापरतात. जमीन हा राज्याचा विषय असल्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की संहिता बदलते, तलाठ्याचा पटवारी होतो आणि सातबाऱ्याचा खसरा होतो. इंदुरात आपल्याला मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ उघडावी लागते, आणि तिच्यातील कलम १३१ व १३३ आपल्या कामाची आहेत. ती दोन्ही आपल्याला कितपत उपयोगी पडतील, हे ती वाट मुळात कोणाची आहे यावर ठरेल.

म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी त्या गावाचा नकाशा, वाटेखालच्या जमिनीचा खसरा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढाव्यात. वाजिब-उल-अर्ज हे नाव ऐकून पुष्कळ जण दचकतात, परंतु कलम २४२ खाली तयार होणारी ती गावाच्या रूढींची नोंदवही आहे. पाण्याचे, मासेमारीचे आणि जाण्यायेण्याचे हक्क तिच्यात लिहिलेले असतात. निस्तार पत्रकात चराईची, म्हणजे आपण इकडे जिला चरनोई म्हणतो ती जमीन, गोठाण, बाजार अशा सार्वजनिक वापराच्या जागा सापडतात. आपली वाट यांपैकी कोठे 'रास्ता' म्हणून शासकीय खात्यात दाखल असेल, तर काम सोपे आहे. मान्य रस्ता, वाट किंवा गावाची सामाईक जमीन यांच्या वापरात कोणी अडथळा आणला, तर तो काढून टाकण्याचा आदेश तहसीलदार कलम १३३ खाली देऊ शकतात. शासकीय जमीन बळकावल्याबद्दल कलम २४८ ची कारवाई वेगळी होते, आणि सार्वजनिक वाटेवरील अडथळ्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. अशा वाटेवर पायी जाणारा, बैलगाडीवाला आणि घोडेस्वार यांच्यात कायदा भेद करत नाही.

नोंद नसेल, तर कलम १३१ कडे वळावे लागते. तेथे तहसीलदार स्थानिक चौकशी करून, पूर्वापार रूढी आणि सर्वांची सोय पाहून निर्णय देतात. परंतु ते कलम शेत करणाऱ्याला त्याच्या शेतापर्यंत किंवा गावाच्या पडीक व चराईच्या जमिनीपर्यंत जाण्यासाठी आहे. आपण सात-आठ जण तेथे भाडेकरू आहात, शेत करणारे नाही. ज्यांच्या जमिनीत आपला तबेला आहे त्या शेतकऱ्यांची गाडी किंवा ट्रॅक्टर त्याच वाटेने जात असेल, तर अर्ज त्यांनी करावा. त्यांच्यामागोमाग आपली वाट आपोआप उघडेल असे मात्र समजू नये, कारण त्या आदेशाने मिळेल तो शेतापर्यंतचा रस्ता, तलावापर्यंतची रपेट नव्हे.

आता नऊ वर्षांविषयी. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वहिवाटीने वाटेचा हक्क मिळण्यास उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून २० वर्षे वापर लागतो. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षे. नऊ वर्षे कोठल्याच हिशेबात बसत नाहीत. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. वहिवाटीचा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. तो जमिनीला चिकटतो, छंदाला चिकटत नाही. पूर्वीच्या मालकांनी 'जा हो, आमचे काय जाते' असे म्हणून आपल्याला जाऊ दिले असेल, तर ती केवळ परवानगी होती, आणि परवानगी सामान्यतः केव्हाही मागे घेता येते. ज्या वाचकांची खरोखरच २० वर्षांची वहिवाट असेल त्यांनी मात्र फाटक लागल्यावर स्वस्थ बसू नये, कारण अडथळा कळल्यानंतर वर्षभर तो मुकाट्याने सोसला तर त्याच कलमाप्रमाणे वहिवाट खंडित झाली असे धरले जाते.

येथे एक दृश्य सांगतो. मागच्या पावसाळ्यात एका अशिलाबरोबर कांपेलच्या बाजूला असेच एक फाटक पाहायला गेलो होतो. काळ्या मातीत टापांचे ठसे सरळ फाटकापर्यंत आलेले होते, तेथे दोन-तीनदा जागच्या जागी फिरलेले होते, आणि मग तारेच्या कडेने शेजारच्या सोयाबीनमध्ये शिरलेले होते. वीतभर उंचीची रोपे पंधरा-वीस हात अंतरापर्यंत चिखलात गाडली गेली होती. माझे अशील फाटकाचे फोटो काढत होते; शेजारचे शेतकरी ठशांचे फोटो काढत होते. वाद त्याच क्षणी उलटला. १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमातील 'गुरे' या शब्दात घोडे, घोड्या, तट्टे, शिंगरे सर्व येतात, आणि पिकाची नासाडी करणारे जनावर धरून कांजी हाऊसमध्ये, म्हणजे कोंडवाड्यात, नेऊन घालण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे. लाखाच्या घरात किंमत असलेला मारवाडी घोडा आणि कोणाची मोकाट म्हैस यांना कायदा तेथे एकाच दावणीला बांधतो.

माझा सल्ला असा, की खसरा आपल्या बाजूने निघाला नाही तर भांडण वाढवू नका. प्लॉटधारकांशी मुद्रांकावर लेखी परवानगीचा करार करा. त्यात वार आणि वेळ लिहा, घोडे चालीनेच न्यायचे, दौडवायचे नाहीत असे लिहा, पेरणीनंतर कोणत्या कडेने जायचे ते लिहा, नुकसान झाल्यास भरपाई कोण देईल आणि फाटकाची किल्ली कोणाकडे राहील तेही लिहा. अशा करारांत किल्लीचे वाक्यच लोक विसरतात, आणि नंतरची निम्मी भांडणे त्यावरूनच होतात.

प्रश्न : माझी १६ वर्षांची मुलगी दोन वर्षे घोडेस्वारी शिकते आहे. तिला बायपासच्या बाजूच्या सर्व्हिस रोडवरून घोडा न्यायचा असतो. त्यासाठी परवाना लागतो का? मोटारीच्या हॉर्नने घोडा बिथरला आणि कोणाला इजा झाली, तर दोष कोणाचा? — तिलकनगर येथील एक भगिनी

उत्तर : मोटार वाहन अधिनियमातील 'मोटार वाहन' यांत्रिक शक्तीने चालते, घोडा त्यात बसत नाही, त्यामुळे चालकाचा परवाना, नोंदणी किंवा वयाची अट त्या अधिनियमाखाली लागत नाही. याचा अर्थ रस्त्यावर घोडेस्वाराला काही नियमच नाहीत असा कोणी घेऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेफामपणे वाहन 'हाकणे' आणि 'स्वारी करणे' हे दोन्ही शब्द आहेत. माणसाच्या जिवाला धोका होईल अशी स्वारी केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम २९१ त्याहून जवळचे आहे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतकी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेतल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. 'घोडा बिथरला, मी काय करू' हे म्हणणे तेथे पुरत नाही. रहदारीला न सरावलेला घोडा रस्त्यावर आणला हीच निष्काळजी ठरू शकते.

दुसऱ्या बाजूने, स्वारांना क्वचितच माहीत असलेले एक संरक्षण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३२ मध्ये आहे. वाहनामुळे आपले जनावर बिथरले आहे किंवा बिथरेल असे ज्याला वाटते, त्या जनावराच्या रखवालदाराने थांबायला सांगितले तर मोटारचालकाने गाडी थांबवून जरूर तेवढा वेळ उभी ठेवली पाहिजे. आणि जनावर म्हणजे काय हे सांगताना त्या कलमात पहिलाच शब्द घोडा हा आहे. मी हे कलम दाखवल्यावर एका मोटारवाल्या मित्राने, हे टांग्यांच्या काळातले असणार, असे म्हटले होते. असेल, पण ते रद्द झालेले नाही. आपल्या मुलीला हात उंच करून, तळवा समोर धरून गाडी थांबवण्याची खूण शिकवा, कारण धावत्या गाडीतील माणसाला खुणेवाचून काहीच कळणार नाही. मोटारीच्या चुकीने घोडा जखमी झाला किंवा दगावला, तर घोडा ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी घोडा विकत घेतल्याची पावती आणि पशुवैद्यकांचे कागद घरात असावेत.

हे सर्व असले तरी १६ वर्षांच्या मुलीने बायपासच्या कडेला एकटीने घोडा नेऊ नये असे मला वाटते. हे मत कायद्याचे नाही, माझे आहे. डंपरचा हवेचा ब्रेक सुटतो तेव्हा घोड्याचे कान मागे जाऊन मानेला चिकटतात, आणि पुढच्या क्षणी काय होईल ते कोणत्याच कलमात लिहिलेले नसते.

प्रश्न : माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. त्याला देपालपूरच्या बाजूला पाच एकर शेतजमीन घेऊन घोडेस्वारीची शाळा काढायची आहे. तो शेतकरी नाही. त्याला जमीन घेता येईल का, आणि पुढे काय करावे लागेल? तिकडचे दोन घोडेही तो आणणार आहे. — रामबाग येथील एक वाचक

उत्तर : महाराष्ट्रात कूळवहिवाट अधिनियमाच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि गुजरातेतही तशीच अडचण आहे, त्यामुळे आपल्या पुतण्याच्या मनात ही शंका येणे साहजिक आहे. मध्यप्रदेशात केवळ बिगरशेतकरी म्हणून खरेदीला मनाई नाही. येथे पाहायचे ते विकणाऱ्याकडे. भूमिस्वामी, म्हणजे जमिनीचा मालक, आदिवासी असेल, तर कलम १६५ प्रमाणे बिगर-आदिवासीला होणारी विक्री अधिसूचित क्षेत्रात होतच नाही आणि अन्यत्र कलेक्टरांच्या परवानगीवाचून होत नाही. जमीन मुळात शासनाने पट्ट्याने दिलेली असेल, तरीही कलेक्टरांची परवानगी पाहावी. स्वस्तात मिळणाऱ्या जमिनीच्या मागे या दोहोंपैकी एक कारण पुष्कळदा निघते, म्हणून जुने खसरे मागपर्यंत काढून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

खरेदीनंतर वापराचा प्रश्न येतो. चारा, चराई किंवा छपराचे गवत यांसाठी जमीन राखणे हे संहितेच्या व्याख्येप्रमाणे शेतीच आहे. म्हणून पाचांपैकी तीन एकरांत ओट आणि लसूणघास लावला, तर त्या तीन एकरांपुरता प्रश्न उद्भवत नाही. परंतु पैसे घेऊन स्वारी शिकवण्याचे रिंगण, प्रेक्षकांचा ओटा, कार्यालय आणि वाहनतळ ही शेती नव्हे. पूर्वी यासाठी कलम १७२ खाली डायव्हर्शनची, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याची, परवानगी काढावी लागे आणि तिच्यासाठी किती चकरा पडत हे जुन्या वाचकांना सांगायला नको. २०१८ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. आता भूमिस्वामीने स्वतः हिशेब करून प्रीमियम आणि नव्याने ठरणारे भू-राजस्व भरायचे आणि कलम ५९ प्रमाणे अनुविभागीय अधिकाऱ्यांना, म्हणजे एसडीएमना, लेखी कळवायचे असते. ही सोय आहे, सूट नव्हे. जमीन निवेश क्षेत्रात, म्हणजे नगररचनेच्या नियोजनाखालील क्षेत्रात, येत असेल, तर नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ वेगळा उभा राहतो, आणि त्यातील 'विकास' या शब्दात बांधकामाबरोबर जमिनीच्या वापरातील ठळक बदलही येतो. वाळू टाकून कुंपण घातलेल्या रिंगणावर एकही वीट नसली तरी ते या व्याख्येत शिरू शकते. म्हणून विकास योजनेत त्या सर्वे नंबरावर कोणता वापर दाखवला आहे ते जमीन घेण्यापूर्वीच पाहावे.

शाळेत प्रवेश देताना 'अपघात झाल्यास संस्था जबाबदार नाही' अशा कागदावर पालकांची सही घेण्याची प्रथा आहे. तो कागद घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. फी घेऊन दिलेली शिकवणी ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे आणि तुटक्या रिकिबीची निष्काळजी सहीने धुऊन निघत नाही.

पुण्याहून घोडे आणताना प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकांचा दाखला घ्यावा आणि गाडीत घोड्यांबरोबर त्यांना ओळखणारा माणूस असावा. निघण्यापूर्वी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि तो २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध अधिनियमाच्या अनुसूचीत असल्यामुळे बाधित ठरलेल्या क्षेत्रातून घोडे हलवता येत नाहीत. रक्ताच्या नमुन्यांची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवाल यायला वेळ लागतो हे धरून गाडी ठरवावी.

प्रश्न : राळामंडळच्या टेकडीवर घोड्यावरून जाता येईल का? ती तर होळकरांची शिकारगाह होती. — स्नेहलतागंज येथील एक वाचक

उत्तर : होती, १९८९ पासून ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ व २८ प्रमाणे अभयारण्यात प्रवेश परवान्यानेच होतो, आणि पर्यटकाच्या तिकिटात त्याचा घोडा येत नाही. त्या अधिनियमातील पशुधनाच्या व्याख्येत घोडे आहेत आणि लस न टोचलेले पशुधन अभयारण्यात नेण्यास कलम ३३-अ मध्ये मनाई आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलात १९२७ चा वन अधिनियम लागू होतो, आणि तेथेही 'गुरे' म्हटले की घोडा आलाच. वनमंडळ अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये.

प्रश्न : मे महिन्यात घरी मुलाचे लग्न आहे. वरातीसाठी घोडी ठरवली आहे. सून म्हणते की यात कायदा मोडतो. आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या वरात घोडीवरून निघते. — लोकमान्यनगर येथील एक आजी

उत्तर : आजी, घोडी ठरवण्याने कायदा मोडत नाही, तिच्या तोंडात काय आहे याने मोडू शकतो. एकदा एका प्राणिमित्राने माझ्या टेबलावर एक लगाम आणून ठेवला होता. तोंडात जाणाऱ्या लोखंडी पट्टीला दोन्ही बाजूंनी ज्वारीच्या दाण्याएवढे टोकदार खिळे होते आणि त्यांच्या मुळाशी वाळलेला तपकिरी फेस होता. गर्दीत घोडी एका जागी उभी राहावी म्हणून असे लगाम घालतात. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत, हाकण्यासाठी किंवा स्वारीसाठी काटे, गाठी अथवा अणकुचीदार भाग असलेला लगाम वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये मारझोडीबरोबरच अतिस्वारीही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये एवढाच आहे, आणि ५० रुपयांत आज सराफ्यातल्या खाऊगल्लीत दोघांचा भुट्ट्याचा कीससुद्धा होत नाही. परंतु जनावर कायमचे जायबंदी झाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वेळेचेही पाहा. त्याच १९६५ च्या नियमांत, तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराला ओझ्याला किंवा गाडीला जुंपू नये असे आहे. शब्द ओझे आणि गाडी यांविषयीचे असले, तरी इंदूरच्या मे महिन्यातील डांबर घोडीच्या टापांना वेगळे वाटत नाही. वरात सायंकाळी काढा, मिरवणुकीचा मार्ग पोलिसांना आधी कळवा आणि त्या काळात पोलीस आयुक्तांचे मिरवणुकीविषयी काही आदेश आहेत का ते विचारा. २०२१ च्या डिसेंबरापासून शहरात आयुक्तालय आहे, त्यामुळे ही चौकशी कलेक्टर कचेरीत करून उपयोग नाही. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद होतो हे आपल्याला ठाऊक असेलच. डीजेची गाडी घोडीच्या पाठीशी न लावता पुढे बरीच दूर ठेवा. घोडीवाल्याशी बोलताना साधा लगाम असेल तरच विसार देईन असे सांगा, आणि लग्नाच्या दिवशी नवरदेव रिकिबीत पाय घालण्यापूर्वी सूनबाईंनाच घोडीचे तोंड पाहायला पाठवा.